भाऊसाहेबांची बारनिशी

भाऊसाहेबांचा ई-मेल आला की आमच्या सोसायटीतली माणसं तो चालता चालता उघडत नाहीत. आधी कुठेतरी टेकतात. डावीकडे जावक क्रमांक, उजवीकडे दिनांक, खाली 'प्रति', मग 'विषय', मग 'संदर्भ', आणि हे सगळे उंबरे ओलांडून मजकुरापर्यंत पोचावं तर तिथे 'उपरोक्त विषयान्वये' वाट अडवून उभं. विषयाची ओळ न चुकता 'बाबत' वर आणि तीन टिंबांवर संपते. 'गच्चीच्या दाराच्या कडीबाबत...' 'सामाईक जिन्यात कुरडया वाळत घालण्याबाबत...' गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर एकाला मुलगी झाली, तेव्हा त्याला आलेल्या मेलचा विषय होता, 'कन्यारत्नप्राप्तीबद्दल अभिनंदन करण्याबाबत...' आणि संदर्भ होता, '१) आपल्या मातोश्रींनी लिफ्टमध्ये दिलेली तोंडी माहिती.'

भाऊसाहेब एका जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत चौतीस वर्षं नोकरीला होते. महसूल खात्यात कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात; निवृत्तीनंतरही ते नाव त्यांना असं चिकटलं की खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. या चौतिसातली बरीच वर्षं त्यांनी बारनिशीत काढली. ज्यांनी सरकारी कचेरी फक्त बाहेरच्या बाकावरून पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो: आलेलं प्रत्येक पाकीट बारनिशीत फुटतं, त्यातल्या कागदावर तारखेचा शिक्का बसतो, आवक नोंदवहीत क्रमांक पडतो, आणि मग तो कागद ज्या कार्यासनाचा त्याच्याकडे जातो. जाणारं पत्रही तिथूनच जावक क्रमांक घेऊन बाहेर पडतं. पत्रात काय लिहिलंय याच्याशी बारनिशीवाल्याला देणंघेणं नसतं. कोणाकडून आलं, कोणाला गेलं, कधी गेलं आणि पोच मिळाली का, एवढं त्याला रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

अशा माणसाला आम्ही सोसायटीचा सचिव केलं. बिनविरोध. सचिवपद हे आमच्याकडे बिनविरोधच असतं, कारण इतर सगळे त्या दिवशी गावाला गेलेले असतात.

सोसायटीचा ई-मेल सुरू झाला आणि आठवड्याच्या आत भाऊसाहेबांचा एका बड्या अधिकाऱ्याशी पत्रव्यवहार जुंपला. त्यांनी एका सभासदाला पाठवलेली थकबाकीची नोटीस परत आली होती आणि परत पाठवणाऱ्याचं नाव होतं 'मेलर डेमन'. भाऊसाहेबांनी तत्काळ लिहिलं, 'मा. डेमन महोदय, आमचे पत्र आपण कोणत्या अधिकारान्वये परत केले, याचा खुलासा व्हावा.' उत्तर नाही. स्मरणपत्र क्र. १ गेलं. स्मरणपत्र क्र. २ 'तातडीचे' असा शेरा मारून गेलं. तिसऱ्याची प्रत डेमनच्या वरिष्ठांना द्यायची, पण वरिष्ठ कोण, ते कळेना. म्हणून ते चारशेदोनकडे आले.

चारशेदोन म्हणजे चौथ्या मजल्यावरचा मुलगा. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नाव चांगलं आहे त्याचं, पण सोसायटीत माणूस फ्लॅटच्या नंबरानेच ओळखला जातो. त्याने सांगितलं की काका, डेमन हा माणूस नाही, सर्व्हरवर मागच्या मागे चालणारा प्रोग्राम आहे, आणि तुमचं पत्र का परत आलं ते त्याने खाली लिहिलंय. खाली लिहिलं होतं: ५५० ५.१.१.

"म्हणजे कलम?"

"तसंच समजा. असा पत्ताच अस्तित्वात नाही."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि तो आकडा पुन्हा वाचला. "अरे, हा कारणासकट परत करतोय. आमच्याकडे परत आलेल्या पाकिटावर पोस्टमन नुसतं 'लेफ्ट' लिहायचा. कोण लेफ्ट, कुठे लेफ्ट, काही नाही." डेमनबद्दलचा त्यांचा राग तिथेच गेला. मग ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी असा प्रश्न विचारला, जो चारशेदोनला त्याच्या कंपनीत कोणी कधी विचारला नव्हता: "हे पत्र जातं कसं?"

मी त्या वेळी तिथे देखभालीचा चेक द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं संभाषण मला ऐकायला मिळालं. चारशेदोन दिवसाला शंभर मेल हातावेगळे करतो, पण या प्रश्नावर त्यालाही आधी इंटरनेटवर शोधावं लागलं. तुमचा सर्व्हर, त्याने वाचून सांगितलं, आधी डीएनएसला विचारतो की ॲटच्या चिन्हापुढे जे नाव आहे त्याचं टपाल कोण घेतं. मग त्या सर्व्हरचं दार वाजवून म्हणतो, 'हेलो', आणि स्वतःचं नाव सांगतो. तो म्हणतो, '२५०', म्हणजे ठीक. हा म्हणतो, पत्र अमुककडून आहे. '२५०.' तमुकसाठी आहे. '२५०.' आता मजकूर देतो. तो म्हणतो, '३५४', दे. मजकूर संपला हे कळावं म्हणून शेवटी एका ओळीत नुसतं एक टिंब. त्यावर पुन्हा '२५०': मिळालं, यापुढची जबाबदारी माझी. जॉन पोस्टेल नावाच्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९८२मध्ये ही सगळी रीत कागदावर उतरवली, आणि थोड्याफार फरकाने आजही तीच चालते.

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर, पेन्शनचा फरक जमा झाल्यावर येतं, तसं काहीतरी आलं. "दर वाक्याला पोच?"

"हो काका."

"आणि शेवटी जबाबदारी माझी, असं तो लेखी म्हणतो?"

"आकड्यात म्हणतो."

"आणि समोरचं हापिस बंद असलं तर?"

"पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा पाठवून बघतो. साधारण चार-पाच दिवस. नाहीच जमलं तर तुम्हाला परत."

"स्वतःहून? स्मरणपत्र न मिळता?" भाऊसाहेब गहिवरले होते. चौतीस वर्षांत त्यांना असा सहकारी मिळाला नव्हता. तेव्हापासून ते सर्व्हरबद्दल आदराने बोलतात आणि नेट गेलं की 'आज साहेब रजेवर दिसतात' म्हणतात. संगणक शिकताना या वयाची माणसं बावचळतात, हे मी माझ्या सासऱ्यांपासून सगळ्यांच्यात पाहिलंय. भाऊसाहेब बावचळले नाहीत, कारण माझ्या मते चौतीस वर्षं ते स्वतःच सर्व्हर होते. फक्त पगार महसूल खात्यातून निघायचा.

चारशेदोनने उत्साहाच्या भरात त्यांना रे टॉमलिन्सनचीही गोष्ट सांगितली. १९७१ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये त्याने एका संगणकावरून शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या संगणकाला नेटवर्कवरून पत्र पाठवलं, पत्त्यात माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये ॲटचं चिन्ह घातलं, आणि जगात ई-मेल सुरू झाला. एका खोलीतल्या दोन यंत्रांनी एकमेकांना पत्र लिहावं यात भाऊसाहेबांना काही नवल वाटलं नाही. त्यांच्या कचेरीतही शेजारच्या टेबलाला लेखीच कळवायचे आणि ते पत्र पोचायला आठ दिवस लागायचे. पण त्या पहिल्या पत्रात काय लिहिलं होतं, ते टॉमलिन्सनला पुढे आठवत नव्हतं, हे ऐकल्यावर ते ताडकन उठले. "कार्यालयीन प्रत ठेवली नाही? पहिल्याच पत्राची?"

आता त्यांच्या ई-मेलमधल्या शिष्टाचाराबद्दल. हा शिष्टाचार वरवर अघळपघळ वाटतो, पण त्यात एक नियम लोखंडी आहे. ज्याने काम करायचं त्याचंच नाव 'प्रति'मध्ये. ज्याने नुसतं माहीत करून घ्यायचं आणि गप्प बसायचं, त्याचं नाव 'प्रत'मध्ये. चारशेदोनच्या कंपनीत म्हणे 'प्रति'मध्ये नऊ जण असतात. नवांपैकी प्रत्येकाला वाटतं की उरलेल्या आठांतला कोणीतरी करेल, आणि नवव्या दिवशी एकजण 'जेंटल रिमाइंडर' पाठवतो. हा शब्द भाऊसाहेबांनी ऐकला तेव्हा ते म्हणाले, "स्मरणपत्राला क्रमांक असतो. स्वभाव कसला?"

आणि 'प्रत' हे तर त्यांचं शस्त्र. भाऊसाहेब कोणावर आवाज चढवत नाहीत, मेलमध्ये ठळक अक्षर वापरत नाहीत, लाल रंग तर नाहीच. मजकूर तुपासारखा असतो. 'आपणांस सविनय कळविण्यात येते', 'आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे', 'आपला विश्वासू'. आणि या सगळ्याच्या खाली, सहीच्याही खाली, एक साधी ओळ: 'प्रत : मा. उपनिबंधक, सहकारी संस्था, यांना माहितीस्तव सविनय सादर.' बस. पहिल्या मजल्यावरच्या ज्या गृहस्थांनी सज्जा बंदिस्त करून त्यात देवघर केलं होतं, त्यांनी तीन अध्यक्षांना दाद दिली नव्हती. या ओळीनंतर देव आठवड्यात आत आले.

गुप्त प्रतीबद्दल मात्र त्यांचं मत सावकाश बनलं. चारशेदोनने समजावलं होतं की सर्व्हर 'तमुकसाठी' म्हणतो ते पाकिटावरचं नाव, आणि आतल्या कागदावरचं 'प्रति' वेगळं. दोन्ही जुळलीच पाहिजेत असं नाही. बीसीसी म्हणजे ज्याचं नाव पाकिटावर आहे पण कागदावर नाही, असा इसम. भाऊसाहेबांनी याचे दोन भाग केले. चौऱ्याऐंशी सभासदांना एकच नोटीस पाठवायची तर बीसीसीत पाठवावी, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याच्या हाती लागत नाही, हे सभ्यपणाचं. आणि एकाला लिहिताना तिसऱ्याला चोरून दाखवायचं, ही चहाडी.

चहाडीचा निकाल अध्यक्षांनी स्वतःच लावून दिला. त्यांनी पार्किंगवरून तीनशेएकला एक समजुतीचा मेल लिहिला, 'प्रत' समितीला दिली आणि गुप्त प्रत आपल्या वकील साडूंना. साडूंनी फोनवर वाचला आणि घाईत 'सर्वांना उत्तर' दाबून लिहिलं, "दादा, मजकूर मऊ झालाय. याला असाच धरून ठेवा, कोर्टात बघू." तो मेल समितीलाही गेला आणि तीनशेएकलाही. त्या संध्याकाळी झालेल्या तातडीच्या सभेत भाऊसाहेब एकच वाक्य बोलले, "जो पडद्यामागे बसलाय त्याने खोकू नये." इतिवृत्तात ते त्यांनी घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

'सर्वांना उत्तर' या बटणाचा त्यांना खरा अनुभव आला तो पाण्याच्या टाकीच्या वेळी. तेव्हा अजून बीसीसीचा नियम झाला नव्हता. 'रविवारी टाकी धुण्यात येणार असल्याबाबत...' असा मेल चौऱ्याऐंशी उघड्या पत्त्यांवर गेला आणि पहिलं उत्तर सर्वांना आलं, "ओके." मग "नोटेड." मग "थँक यू काका." मग एकाने विचारलं, "किती वाजता?" आणि सहा जणांनी सहा वेळा सांगितल्या. मग एक जण चिडला आणि त्याने सर्वांना लिहिलं की कृपया सर्वांना लिहू नका. त्यावर अकरा जणांनी सर्वांना लिहून अनुमोदन दिलं. भाऊसाहेब रात्री साडेबारापर्यंत जागून प्रत्येक 'ओके'ला आवक क्रमांक देत होते. दुसऱ्या दिवशी चारशेदोनने त्यांचं सांत्वन केलं: १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच असा प्रकार घडला होता, हजारो कर्मचाऱ्यांची यादी, आणि 'मला यातून काढा' असं सर्वांना लिहिणाऱ्यांनीच सगळी यंत्रणा गुदमरवली. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एक चाचणीचा मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार लोकांना गेला आणि तिथेही हेच. भाऊसाहेबांनी डोळे मिटले. "आठ लाख चाळीस हजार," ते म्हणाले. "आवक कोणी घेतली असेल रे?"

याच सुमारास त्यांनी ई-मेलचे काही लेखी नियम आहेत का, असं विचारलं. होते. ऑक्टोबर १९९५मध्ये इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली, इंटरनेटवर कसं वागावं याची एक पुस्तिका आहे. तंत्रज्ञ तिला आरएफसी १८५५ म्हणतात. क्रमांक आहे म्हटल्यावर भाऊसाहेबांनी ती लगेच ग्राह्य धरली. चारशेदोनकडून प्रिंट काढून घेतली, भोक पाडून टॅग लावला आणि समासात हिरव्या शाईने शेरे मारले. रागाच्या भरातलं उत्तर रात्रभर थांबवून मग पाठवावं, यापुढे शेरा : 'मान्य. आमचे शिरस्तेदार हेच सांगत.' सगळं कॅपिटल अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं, यापुढे : 'देवनागरीस लागू नाही. तथापि उद्गारचिन्हांबाबत समान निर्देश निघावेत.' साखळीपत्रं कधीही पुढे पाठवू नयेत, यापुढे : 'अत्यंत महत्त्वाचे. वहिनींच्या निदर्शनास आणणे.' आणि सही चार ओळींपेक्षा मोठी नसावी, यापुढे नुसतं : 'नोंद घेतली.' त्यांची स्वतःची सही नऊ ओळींची आहे. नववी ओळ, 'प्रिंट काढण्यापूर्वी पर्यावरणाचा विचार करावा,' अशी असून तिच्यासकट ते प्रत्येक मेलची प्रिंट काढतात.

त्यांचा जाच नाही असं मी म्हणणार नाही. मेल पाठवून झाला की ते फोन करतात. "मेल पाठवलाय, बघून पोच द्या." आपण म्हणावं, बघितला, मिळाला. तर म्हणतात, "तसं नाही, मेलवर द्या." जीमेलमध्ये 'पाठवणे रद्द करा' अशी सोय आहे, ती म्हणजे पत्र परत बोलावणं नव्हे, जास्तीत जास्त तीस सेकंद ते ट्रेमध्येच रोखून धरणं. भाऊसाहेबांनी ती पूर्ण तीस सेकंदांवर लावून घेतली आहे, आणि तेवढा वेळ ते कोणाशी बोलत नाहीत, चहाचा कप खाली ठेवत नाहीत. जावक झालं की मग श्वास सोडतात.

पण एकदा या जाचाचे पैसे वसूल झाले. खजिनदारांना अध्यक्षांच्या नावाने मेल आला: मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, या खात्यावर लगेच पन्नास हजार पाठवा. खजिनदार पाठवायच्या बेतात होते. केवळ जावक क्रमांक हवा म्हणून आधी भाऊसाहेबांकडे आले. भाऊसाहेब म्हणाले, "हे पत्र अध्यक्षांचं नाही. त्यांनी आजवर एक वाक्य लेखी दिलेलं नाही." मग त्यांनी मेलचं मूळ रूप उघडलं. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली नोंद आधीच्या नोंदींच्या वर चढवतो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा असतो, हे ते आता जाणतात. त्यांनी बोट लावून एकेक ओळ वाचली आणि एका जागी थांबले. पाठवणारा सर्व्हर त्या पत्त्याच्या वतीने टपाल पाठवायला अधिकृतच नव्हता. घेणाऱ्या सर्व्हरने तसं स्पष्ट नोंदवलंही होतं, फक्त ते वाचतो कोण? पोस्टेलच्या १९८२च्या रिवाजात 'पत्र अमुककडून आहे' यावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही सोयच नव्हती. ही तपासणी नंतरची आहे. "म्हणजे तेव्हा कोणीही कोणाच्याही सहीने?" भाऊसाहेबांनी विचारलं होतं. त्या एका मुद्द्यावर त्यांनी पोस्टेलला आजही माफ केलेलं नाही.

त्यांचा मुलगा टोरांटोला असतो. त्याच्याशीही पत्रव्यवहार याच शिस्तीत. फक्त 'महोदय'च्या जागी 'चि.' आणि विषयात 'आईच्या गुडघ्याबाबत...'. मुलगा कामात असला की मेलवर नुसता अंगठ्याचा इमोजी टाकतो. पहिला अंगठा आला तेव्हा भाऊसाहेबांनी उत्तर दिलं : 'आपला अंगठा प्राप्त झाला. आपण अभियांत्रिकी पदवीधर असूनही सही न करता निशाणी का केली, तसेच सदर अंगठा डावा की उजवा, याचा खुलासा व्हावा.' मुलाने खुलासा केला : 'उजवा, बाबा.' यावर भाऊसाहेब अस्वस्थ झाले. पुरुषाचा डावा लागतो.

गेल्या जूनमध्ये पाच वर्षं संपली आणि निवडणूक आली. त्या दिवशी चारशेदोन गावाला जायचा विसरला. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्या दोन, गोल शिक्का एक, मसुदे तीन, न वाचलेले मेल निरंक, असं सगळं होतं. शेवटी 'स्पॅम : ४१२, निर्लेखनासाठी प्रलंबित'. जीमेल स्पॅम तीस दिवसांनी आपोआप नष्ट करतो, हे भाऊसाहेबांना पटत नव्हतं. दप्तर अ, ब, क, ड यांपैकी कोणत्या वर्गाचं हे ठरवल्याशिवाय कागद फाडतात का? म्हणून ते दर महिन्याला सगळं स्पॅम बाहेर काढून जपत आले होते. पासवर्ड लाखेने बंद केलेल्या पाकिटात दिला. त्यात दोन तिरप्या रेघा आणि आर्थिक वर्ष होतं.

आम्हाला वाटलं, आता विश्रांती. पण भाऊसाहेब सचिव होते तोवर निदान सोसायटीच्या बाजूने लिहीत होते. आता ते सभासद आहेत. पहिल्याच आठवड्यात नव्या सचिवाला त्यांचे सात मेल गेले, सातही वेगळ्या विषयांचे, कारण एका पत्रात एकच विषय असतो. आणि सातांच्याही खाली, सहीच्या नऊ ओळींच्या खाली, ती ओळ. चारशेदोनने सवयीने 'नोटेड काका' असं एकच उत्तर सातांना मिळून पाठवलं. त्यावर त्याला सात स्मरणपत्रं आली.

परवा रात्री तो माझ्याकडे आला. लॅपटॉप उघडाच होता. "मला एक सांगा," तो म्हणाला, "क्रमांक दोनच्या स्मरणपत्राला उत्तर देताना क्रमांक एकबद्दलची दिलगिरी संदर्भात टाकायची की मजकुरात?"

मी म्हटलं, "अरे, त्यांनाच विचार की. खालीच तर राहतात."

"आत्ता तिथूनच आलो."

"मग?"

"म्हणाले, लेखी विचारा."